चार हात पाणी

फाल्गुन सरत आला की मला ओल्या सुंभाचा वास येतो. खरं म्हणजे घरात सुंभाची दोरी कुठेच नाही. अंबाजोगाईच्या या घराला नळ आहे, नळाला ठरलेल्या वारी पाणी येतं, गच्चीवर काळी टाकी आहे. तरी दुपारचं ऊन ओट्यापर्यंत सरकलं, समोरच्या शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाजायला लागल्या, की तो वास येतो आणि मी उठून उगीच हात धुऊन येते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. हात धुण्याची सवय काही गेली नाही. शाळेत माझी ख्यातीच ती होती. परिपाठाला रांगेतून फिरताना मी आधी मुलांचे हात बघायची, मग तोंडं.

यंदा वास जरा लवकर आला. पाऊस पोळ्यानंतर जो गेला तो फिरकलाच नाही. संक्रांतीला वाण लुटताना बायका एकमेकींना विचारत होत्या, तुमच्या बोअरला अजून येतंय का. आणि त्यातच एका सकाळी माझ्या जुन्या शाळेतून फोन आला. नवे मुख्याध्यापक होते. आवाजावरून तिशीच्या आतले, बोलण्यात भारी उत्साह.

"बाई, अडगळीच्या खोलीत तुमचा फळा सापडला. वर ऑइलपेंटनं लिहिलंय, आपली विहीर, आपलं पाणी. किती छान कल्पना होती हो. यंदा परत सुरू करावा म्हणतो. तुम्हीच या आणि मुलांना सांगा कसं मोजायचं ते."

मी बरं म्हटलं. नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की इतका वेळ मी उभीच होते आणि मोकळा हात पदराला पुसत होते.

गावाचं नाव लिहीत नाही. वडवणीच्या पुढे एका फाट्यावर उतरायचं आणि चालत जायचं, एवढं पुरे. त्या गावात मी अकरा वर्षं होते. तिथला हंगाम पावसाने सुरू व्हायचा नाही. दसरा झाला की ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन पारापाशी उभे राहायचे, त्यांच्यात संसार चढायचे. पत्र्याची पेटी, पिठाचं पोतं, शेळी, तिच्या दाव्याला धरून बसलेलं पोर. गाव ऊस तोडायला पश्चिमेकडे निघायचं. दिवाळीनंतर गल्लीतून चाललं तर आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येई. मागे राहायची ती म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. मुलांसाठी शाळेतच हंगामी वसतिगृह चाले. आठवडाभर मी तिथल्याच एका खोलीत राहायची आणि शनिवारी अंबाजोगाईची गाडी धरायची.

वसतिगृहाचा आणि दुपारचा असा दोन्ही स्वयंपाक पारूमावशी करायच्या. साठीच्या आसपासच्या, बुटक्या, बोलायला फटकळ. मुलगा आणि सून दरवर्षी कोयत्यावर जायचे, म्हणजे ऊसतोडीला. नात त्यांच्यापाशी. नातीचं नाव रेणुका, पाचवीत होती, आणि तिचं अक्षर माझ्याहून चांगलं होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं. मुलांचं तोंडावर कौतुक केलं की ती बिघडतात, असं माझं ठाम मत होतं. माझी बरीच मतं ठाम होती.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी थंडीत आमचं प्रशिक्षण बीडला होतं. अंबाजोगाईहून बीडला जाताना पालीपाशी बिंदुसरेचं धरण लागतं. एरवी तिथे बसमधली माणसं माना वळवून पाणी बघतात. त्या वर्षीही सगळ्यांनी माना वळवल्या. तळाच्या भेगांमधून एक माणूस सायकल हातात धरून चालला होता.

प्रशिक्षणात आम्हाला एक चित्रफीत दाखवली. दूर समुद्रातला एक चिमुकला देश, बेटांचा. सगळा देश मिळून आपल्या एका तालुक्याएवढाही नसेल. चहूकडे समुद्र आणि प्यायला घोटभर गोडं पाणी, तेही जमिनीखाली पातळसं. जास्त उपसलं की विहिरीत समुद्र शिरतो आणि विहीर कायमची खारट होते. तिथली शाळेतली मुलं रोज विहिरींत दोरी सोडून पाणी मोजत होती, चव घेत होती आणि शाळेच्या भिंतीवर सगळ्या गावाला दिसेल असं लिहीत होती. मासे धरून आलेली माणसं घरी जाण्याआधी ती भिंत वाचत. एका विहिरीपुढे मुलांनी लाल खूण केली तर गावाने ती विहीर पावसापर्यंत बंद ठेवली. मोठी माणसं मुलांचं ऐकत होती. माझ्या शेजारी गेवराईकडचे एक गुरुजी बसले होते. ते हळूच म्हणाले, "त्यांच्या चहूकडं पानी तरी हाय. आपलं बेट कोरड्यातच." सगळे हसले. मी हसले नाही, मी वहीत त्या भिंतीचं चित्र काढून घेत होते.

सोमवारी मी पाचवीच्या वर्गात ते बेट खडूने काढलं. भोवती निळ्या खडूने पाणी रंगवलं, तेवढा निळा खडू संपला. मुलं ऐकत होती. एकाने विचारलं, मग त्यांना आंघोळीला तर पाणी असेलच ना. रेणुकाने हात वर केला. "बाई, तिथं ऊस असतो का?"

नसतो, मी म्हटलं. ती विचार करत खाली बसली. मला वाटतं तिने नकाशातून आई-बापाची वाट काढून बघितली आणि तिकडे जायचं काही कारण नाही असं ठरवलं.

आमच्या गावाला दोन विहिरी होत्या. एक शाळेमागची पायऱ्यांची जुनी विहीर, सगळ्या गावाची. दुसरी तलावाखालची, सहकारी पाणीपुरवठा संस्थेची. संस्था म्हणजे कागदोपत्री सगळं गाव, आणि पाणी जायचं ते थोड्या लोकांच्या उसाला. संस्थेचे चेअरमन आबा. मोठी जमीन, तालुक्यात वजन, पांढरे कपडे, बोलणं मऊ. शाळेला पंखे त्यांनीच दिले होते. तलाव आटला तसं संस्थेच्या विहिरीचं पाणी ओढायला लागलं आणि तिच्यामागून गावच्या विहिरीचं. मला ते थांबवायचं होतं. बेटावरच्या मुलांनी थांबवलं तसं. मी आबांशी भांडू शकत नव्हते, पण भिंतीशी कोण भांडणार?

म्हणून फळा आला. वडवणीच्या बाजारातून मी सुंभाची लांब दोरी आणली, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात धरून हाताहातावर गाठी मारल्या, टोकाला एक वाटोळा दगड बांधला. मुलींनी विहिरीच्या मधोमध दोरी सोडायची, दगड तळाला टेकला की वर ओढायची, भिजलेल्या गाठी मोजायच्या आणि फळ्यावर लिहायचं. फळा रस्त्याकडच्या भिंतीवर. लिहिणार रेणुका. पहिल्या दिवशी लिहिलं, आज विहिरीत सहा हात पाणी. बाजूने जाणारे म्हातारे थांबून वाचायला लागले, ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याला विचारायला लागले. दर सोमवारी आकडा थोडा उतरायचा. पाच हात झालं तेव्हा पारावर चर्चा झाली आणि आबांनी संस्थेची मोटर आठवड्यातून दोन दिवस बंद ठेवली. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. त्या शनिवारी मी बसमध्ये अनोळखी बाईला ही हकिकत सांगितली.

एकच भानगड होती. दोरी ओढून आली की मुलींचे हात चिखलाने भरत. तेच हात वर्गाच्या दाराला, वह्यांना, फळ्याच्या चौकटीला लागत. मी रागावले. दोन-तीन वेळा छडी दाखवली. पुन्हा घाण हात घेऊन आलात तर मोजणं बंद, असं म्हणाले. दुसऱ्या आठवड्यापासून मुलींचे हात स्वच्छ यायला लागले आणि दोरीही. मला वाटलं, शिस्त लागली.

माघात एका सकाळी पारूमावशी चुलीपाशी तांदूळ निवडत होत्या. लुगड्याचा घोळ गुडघ्यापर्यंत मातकट झाला होता. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फळ्यावर चार हात लिवलंय म्हनं."

"हो. कालच मोजलं."

"मी आत्ता तळाला जाऊन आले. घागर आडवी धरली तरी भरंना. वाटीवाटीनं भरली."

"पायऱ्यांच्या कडेला उथळ असेल, मावशी. मुली मधोमध दोरी सोडतात."

"मदी बी तसंच हाय. वर वीतभर पानी अन् खाली नुस्ता रेंदा. पाय घातला की वडून घेतोय. ती दोरी खरं न्हाई सांगत, बाई."

"मावशी, मोजलेलं आहे ते," मी म्हणाले.

त्यांनी हातातले खडे अंगणात फेकले. "बरं. तुमी शिकलेल्या. तुमच्या फळ्याला मी काय म्हनू?" आणि त्या उठून खिचडीचं आधण ठेवायला गेल्या. मी वर्गात गेले. त्या दिवशी आम्ही भागाकार शिकलो. हे मला नीट आठवतं, कारण त्यानंतर कितीदा तरी मी त्या सकाळी परत जाऊन बघितलं आहे. विहीर शाळेपासून शंभर पावलांवर होती. मी शंभर पावलं चालले नाही.

गावाने टँकर मागितला होता. त्याची पाहणी करायला होळीच्या आधी तालुक्याहून एक साहेब आले. आबा त्यांच्याबरोबर होते. विहिरीच्या काठावरून साहेबांनी आत डोकावलं. खाली पाणी चमकत होतं. चमकणारं पाणी वीतभर आहे की पुरुषभर, हे काठावरून कुणाला कळत नाही. मग आबाच त्यांना शाळेकडे घेऊन आले. टँकर लागला असता तर तो भरायला संस्थेचीच विहीर ताब्यात घेतली असती, दुसरं पाणी जवळ नव्हतंच. हे मला नंतर समजलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की मोटरचे आठवड्यातले दोन दिवस गेल्यापासून तोंड फुगवून बसलेले आबा आज फळ्याकडे बोट दाखवत हसत होते.

"साहेब, हे बघा. आमच्या बाईंचा फळा. लेकरं रोज मोजतात. लेकरं खोटं बोलत न्हाईत."

चार हात, फळ्यावर रेणुकाच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. साहेबांनी मोबाइलमध्ये फोटो काढला, तिच्या डोक्यावर हात ठेवला, असा उपक्रम जिल्ह्यात कुठे बघितला नाही म्हणाले. मी त्यांना चहा दिला. मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला सांगू. तो चहा ज्या पाण्याचा होता ते मावशींनी त्या सकाळी वाटीने भरलं होतं. मावशी कपबशा उचलायला आल्या, फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या.

टँकर मंजूर झाला नाही. पाणी उपलब्ध आहे, असं उत्तर आलं.

त्यानंतरचे दिवस मला एकेक करून आठवत नाहीत. आठवतात ते तुकडे. पहाटेपासून विहिरीच्या पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या, प्रत्येकीच्या मांडीत घागर, आपली पाळी येईपर्यंत तळाला पाझरून किती साचतं याकडे लागलेले डोळे. कापडाने तीनदा गाळूनही खिचडीत दाताखाली येणारी कचकच. धुळीचा एक वेगळाच गोडसर वास. वसतिगृहातल्या लहान मुलांनी पाणी मागणं कमी केलं होतं. कुणी सांगितलं नसताना. आणि फळ्यावर साडेतीन हात. मला तेव्हाही संशय आला नाही असं नाही. आला होता. पण साहेबांच्या मोबाइलमध्ये फोटो गेलेला होता, आणि आपलंच चुकलं असेल हा विचार मी दाराशीच अडवला.

चैत्र लागून चार-पाच दिवस झाले असतील. शाळा सकाळची होती. मी तिसरीला वाचन घेत होते. आधी घागरीचा आवाज आला, दगडादगडावर आपटत जाणारा. मग काहीच नाही. मग बायकांचा.

शेवटची पायरी आणि तळ यांच्यात दीड पुरुषाचं अंतर पडलं होतं. बायका कडेच्या दगडांवर पाय ठेवत उतरायच्या. मावशींचा पाय तिथेच सुटला. कडेच्या बाहेर आलेल्या दगडावर कंबर आपटली आणि त्या खाली रेंद्यात जाऊन रुतल्या. गावात धडधाकट माणसं चार. आबांचा ट्रॅक्टर चालवणारा आणि दोन गडी दोर लावून उतरले. ते आत उभे राहिले तेव्हा त्यांच्या कमरेच्या वरपर्यंत काळा रेंदा होता आणि त्याच्यावर वीतभर पाणी. वर काठावर शाळेतली सगळी मुलं उभी होती. रेणुका पुढे होती. मी तिला मागे ओढलं. तिच्या हाताला खडू होता, तो माझ्या हाताला लागला. फळ्यावर होतं तेवढं पाणी विहिरीत असतं तर मावशी नुसत्या भिजून वर आल्या असत्या, मला दोन शब्द सुनावले असते आणि खिचडीला लागल्या असत्या.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात मी त्यांच्याजवळ राहिले. माझं घर तिथेच, म्हणून बरं पडलं असं सगळे म्हणाले. मुलगा आणि सून कर्नाटकाच्या हद्दीवर कुठेतरी होते, कारखाना बंद व्हायला अजून आठ दिवस होते, आणि त्याआधी फडातून सुटका नव्हती. मावशींच्या पायाला दोरीने वजन लटकवलेलं होतं. त्या त्या दोरीकडे बघत पडून असायच्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बाई, पोरींना बोलू नगा."

"मी कशाला बोलू?"

"त्या दोरी पुसून आनायच्या. तिथंच काठावर, गोनपाटानं. तीन हात दोरी काळी व्हायची रेंद्यानं. घान हात दिसले की तुमी छडी दावता ना, म्हनून. मी बघायची. मला वाटलं तुमाला ठाऊक असंल."

मी बाहेर व्हरांड्यात गेले. मला शरम वाटली. एवढी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. दगड रेंदा फोडून कातळापर्यंत जात होता. तीन-साडेतीन हात रेंदा आणि वर वीतभर पाणी, सगळं मिळून चार. दोरी खरं सांगत होती. ते माझ्यापर्यंत येण्याआधी पुसायला मीच शिकवलं होतं.

इथपर्यंतची चूक माणूस समजून घेईल. पुढचं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

टँकर चौथ्या दिवशी आला. संस्थेची विहीरही ताब्यात घेतली. वरून विचारणा झाली की शाळेच्या फळ्यावर चुकीचा आकडा आला कसा. मला लेखी खुलासा मागितला. मी शाळेच्या कार्यालयात बसून, स्वच्छ हातांनी, चांगल्या अक्षरात लिहिलं, विद्यार्थ्यांकडून मोजमाप करताना अनवधानाने चूक झाली. एकच ओळ. नोकरीला अजून सहा-सात वर्षं होती आणि मला माझी सेवापुस्तिका कोरी हवी होती. मुलांना कोण शिक्षा करणार आहे, असं मी स्वतःला समजावलं. तो कागद ग्रामसभेत वाचून दाखवतील, हे मला कुठे माहीत होतं. चावडीपुढे गाव बसलं होतं, कोयत्यावरची माणसं परत आली होती, रेणुकाचा बाप पुढेच होता. ग्रामसेवकांनी ओळ वाचली. मोजणाऱ्या मुली कोण, हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. फळ्यावरचं अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. रेणुकाने माझ्याकडे बघितलं. ती रागाने बघत नव्हती. बाई आता उठून काहीतरी सांगतील, असं तिला वाटत असावं. मी माझ्या पदराचा काठ नीट केला.

मावशी परत आल्या त्या काठीवर. पुढे काठीही गेली, बाज राहिली. त्यांचं करायला रेणुका घरी थांबली. पुढच्या दसऱ्याला ट्रक आले तेव्हा आई-बापाने मावशींना लेकीकडे पोचवलं आणि रेणुकाला बरोबर नेलं. सहावीच्या हजेरीत तिच्या नावापुढे मी कितीतरी दिवस गैरहजर लिहीत होते. मग मी बदली मागून घेतली. मावशी पुढच्या उन्हाळ्यात गेल्या, असं कुणाकडून तरी कळलं. मी गेले नाही.

तर परवा गेले. तेलगावला बस बदलून, फाट्यावर उतरून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या पळाट्या वाळून उभ्या होत्या. आबांच्या घरावर आता मुलाच्या नावाची पाटी आहे. शाळेची भिंत रंगवली आहे, तिच्यावर मोठा नळ काढलाय आणि नळाखाली निळा थेंब. माझा फळा धुऊन, चौकट बसवून रस्त्याकडच्या जागी परत टांगलेला होता. नवी दोरी होती, नायलॉनची. मुख्याध्यापकांनी मुलांची रांग केली आणि मी आले तशी सगळ्या मुलांनी हात पुढे केले, तळवे वर करून. "तुम्ही हात बघायचात असं जुनी माणसं सांगतात," ते हसून म्हणाले. मला त्या हातांकडे बघवेना.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या खोलीतून एक बाई बाहेर आली. पंचविशीची, वाळलेली, उजव्या तळव्याला कोयत्याचे घट्टे, हातात खिचडीचं उलथणं. "ह्या आमच्या ताई, यंदापासून आहेत," मुख्याध्यापक म्हणाले. मला सांगायची गरज नव्हती. रेणुकाने वाकून नमस्कार केला. "बाई, बारीक झालात," एवढंच म्हणाली आणि दाराला टेकून उभी राहिली. तिच्यामागे चुलीपाशी एक लहान मुलगी खेळत होती.

मी ठरवून काही गेले नव्हते. बेटाची गोष्ट सांगायची, दोरी दाखवायची आणि तीनची बस गाठायची, असं होतं. बेटाची गोष्ट सांगितली. मग दोरी हातात घेतली आणि बोलले. कोणत्या वर्षी काय झालं, दोरी कोण पुसत होतं, कुणाच्या भीतीने पुसत होतं. खुलाशात मी काय लिहिलं. ते खोटं होतं आणि लिहिताना मला माहीत होतं. ज्या मुलीवर ते गेलं तिची त्यात काडीची चूक नव्हती, पण तिची शाळा गेली. मुलांना किती समजलं कोण जाणे. मुख्याध्यापक खाली बघत होते. बोलताना मी दाराकडे बघितलं नाही, इतकं धैर्य अजूनही माझ्यात नाही.

रेणुका आत गेली. मला वाटलं, रडायला गेली असेल. आतून ठोकण्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात खिचडीची एक चपटी थाळी होती, काठाला खिळ्याने तीन भोकं पाडलेली. ती खाली बसली आणि दुसऱ्या दोरीला थाळी बांधायला लागली.

"दगड रेंद्यात जातो. थाळी रेंद्यावर बसती," ती मुलांना म्हणाली. "दोन्ही सोडायचं. दोन्हीतलं अंतर म्हंजी रेंदा. आजीनं सांगितलं होतं, बाजंवर पडल्या पडल्या." मग गाठ आवळताना, माझ्याकडे न बघता, "तिला आत्याकडं पोचवली तवर मी तिच्याम्होरं पानी प्याले न्हाई, बाई. आतल्या खोलीत जाऊन प्यायची. मला वाटायचं, मीच पाडली तिला."

"नाही गं," मी म्हणाले.

"ते आत्ता कळालं." तिने गाठ ओढून बघितली. "तवाच सांगायचं की. एवढी वर्षं कावून लावली?"

तिने उत्तराची वाट बघितली नाही. मुलांना घेऊन ती विहिरीकडे निघाली, मी मागून गेले. शंभर पावलं. दोन दोऱ्या आत गेल्या, दोन दोऱ्या वर आल्या. दगडाची दोरी खालून तीन हात काळी होती, ठिबकत होती. चौथीतल्या एका मुलीने माझ्याकडे घाबरून बघितलं आणि काठावरचं फडकं उचललं.

"पुसू नगं गं," रेणुका म्हणाली. "बाईंना बघू दे."